विहिरीतल्या खडकाचा जन्मदाखला

मागील अंकात खानदेशातल्या भूजलाविषयी लिहिताना ‘येथील काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे’ असे एक वाक्य जाता जाता लिहिले गेले. भूजलाविषयी फारसे कोणी विचारले नाही; त्या एका वाक्यावर मात्र बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : या उन्हाळ्यात आम्ही शेतात विहीर खोदली. वर दीड परस काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि सहाव्या परसापासून काळा पाषाण लागला. सुरुंगाने फुटलेला एक तुकडा ओट्यावर ठेवला आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, ‘हाऊ दगड कितला जुना शे?’ मी आपला आकडा सांगतो, तेव्हा लोक म्हणतात की, आमच्या आजोबांचा जन्मदाखला कचेरीत सापडत नाही, तिथे दगडाचा कोणी काढून आणला? अर्धायुष्यावरून वय काढतात, एवढे मुलाच्या पुस्तकात आहे. पण दगड काही मरत नाही. मग त्याचे अर्धे आयुष्य म्हणजे काय? (एक शेतकरी, पारोळा तालुका)

उत्तर : अर्धायुष्य दगडाचे नसते, हे प्रथम सांगितले पाहिजे. ते दगडात मिसळलेल्या एका विशिष्ट जातीच्या अणूंचे असते. आपल्या ओट्यावरील तुकड्यात, इतर अनेक मूलद्रव्यांबरोबर, थोडेसे पोटॅशियम आहे. पोटॅशियमचे बहुतेक अणू स्थिर असतात, परंतु दर दहा हजारांत साधारण एक अणू ‘पोटॅशियम-40’ या जातीचा असतो आणि त्याचे केंद्रक कायम टिकणारे नसते. केव्हा तरी ते आपोआप बदलते आणि त्या अणूचे दुसऱ्याच मूलद्रव्याच्या अणूत रूपांतर होते. एखादा ठरावीक अणू आज बदलेल की शंभर कोटी वर्षांनी, हे कोणालाही सांगता येत नाही. मात्र असे असंख्य अणू एकत्र घेतले, तर त्यांतले निम्मे बदलायला 125 कोटी वर्षे लागतात, हे निश्चित सांगता येते. या काळाला अर्धायुष्य म्हणतात.

एकाचे सांगता येत नाही आणि समूहाचे सांगता येते, हे विचित्र वाटत असेल, तर घरी चिंचोक्यांचा खेळ करून पाहावा. चिंचोके मधोमध फोडले की एक बाजू पांढरी आणि दुसरी तपकिरी मिळते. असे हजार अर्धुके एका सुपात घेऊन जमिनीवर टाकावेत आणि पांढरी बाजू वर आलेले उचलून वेगळे ठेवावेत. पहिल्या फेरीनंतर साधारण पाचशे उरतील, दुसरीनंतर अडीचशे, तिसरीनंतर सव्वाशे. कोणता चिंचोका कोणत्या फेरीत जाणार हे आपल्याला आधी माहीत नव्हते, तरीही उरलेल्या ढिगाकडे पाहून किती फेऱ्या झाल्या असाव्यात, हे बाहेरून आलेला माणूससुद्धा ओळखेल. (चिंचोक्याच्या दोन बाजू सारख्या नसल्याने तो एका अंगाला किंचित अधिक पडतो, जाणत्या खेळाडूंनी ही खोट माफ करावी.) ‘पहिल्या अर्धायुष्यात निम्मे गेले तर दुसऱ्यात उरलेले सगळे का जात नाहीत,’ असा प्रश्न परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचेही उत्तर या सुपात आहे, कारण प्रत्येक फेरीत जे उरले आहेत त्यांचेच निम्मे जातात.

परंतु या खेळावरून वय काढायचे, तर उरलेले किती एवढे पाहून भागत नाही. सुरुवातीला किती होते तेही कळावे लागते. दगडाच्या बाबतीत सुरुवातीची मोजणी करायला कोणी उपस्थित नव्हते. म्हणून उरलेल्या अणूंबरोबर बदलून गेलेल्यांचीही मोजणी करतात, कारण बदललेला अणू नाहीसा होत नाही, तो नव्या रूपाने दगडातच राहतो. पोटॅशियम-40चे शंभर अणू बदलले, तर त्यांपैकी सुमारे 89 कॅल्शियम होतात आणि सुमारे 11 अरगॉन होतात. कॅल्शियमचा आपल्याला उपयोग नाही. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या या काळ्या पाषाणात, ते मुळापासूनच भरपूर असते. भरल्या कणगीत मूठभर दाणे टाकावेत आणि वर्षाने तीच मूठ वेगळी काढायला जावे, तशातली गत. अरगॉनचे मात्र तसे नाही. तो निष्क्रिय वायू असल्याने कोणाशीही संयोग पावत नाही. लाव्हा तापून वाहत होता तोवर त्यात साठलेला अरगॉन बुडबुड्यांवाटे निघून गेला, आणि लाव्हा थिजून त्याचे स्फटिक झाले, तेव्हा त्यांत अरगॉन जवळपास नव्हताच. पाटी कोरी झाली. त्यानंतर पोटॅशियमपासून तयार झालेला प्रत्येक अरगॉन अणू स्फटिकाच्या जाळीत अडकून बसला, कारण थंड आणि घट्ट स्फटिकातून त्याला सहजी बाहेर पडता येत नाही.

म्हणजे आपल्या दगडाचे ‘वय’ म्हणजे लाव्हा थिजल्यापासूनचा काळ, आणखी काही नाही. त्यातले अणू त्याहून कितीतरी जुने आहेत. पोटॅशियम तर पृथ्वी जन्मायच्या आधीचे आहे. खडकाच्या वयाबद्दल कोणीही आकडा सांगितला की पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कोणत्या घटनेपासून?’ हा असला पाहिजे. या सदरातल्या पुढच्या प्रत्येक उत्तरात मी याच प्रश्नाकडे परत येणार आहे, तेव्हा कंटाळू नये.

आता हिशेब. लाव्हा थिजून 6 कोटी 60 लाख वर्षे झाली असे धरले, तर तो काळ पोटॅशियमच्या एका अर्धायुष्याच्या एकोणिसाव्या भागाएवढा भरतो. तेवढ्यात हजारांपैकी सुमारे 36 अणू बदलतात आणि 964 तसेच राहतात. त्या 36 पैकी अरगॉन झालेले जेमतेम चार. प्रयोगशाळेला शोधायचे असतात ते हे चार. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच कमी, बहुधा एका टक्क्याच्याही आत असते, हे लक्षात घेतले म्हणजे काम किती नाजूक आहे ते कळेल. शिवाय आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का अरगॉनच असतो. तो दगडाच्या फटीत आणि उपकरणातही शिरतो आणि वय फुगवतो. सुदैवाने हवेतल्या अरगॉनबरोबर ‘अरगॉन-36’ हा त्याचा हलका भाऊ ठरावीक प्रमाणात असतोच. तो किती सापडला यावरून हवेचा वाटा वजा करता येतो.

उलट बाजूची चूकही संभवते. दगड कुजला, त्यात पाणी मुरले, तर अडकलेला अरगॉन निसटतो आणि दगड आहे त्याहून तरुण दिसू लागतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही धुळ्याजवळच्या एका खदानीतून मोठ्या उत्साहाने बारा नमुने गोळा केले होते. वरून काळेभोर, हातोडीला ठण्ण आवाज देणारे. त्यांचे पातळ काप, म्हणजे 0.03 मिलिमीटर जाडीच्या चकत्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा स्वच्छ काचेसारखे दिसायला हवे होते ते फेल्डस्पारचे स्फटिक ताकात बुडवल्यासारखे गढूळ दिसले आणि त्यांच्या कडेने हिरवट मातकट पदार्थ शिरलेला आढळला. बारापैकी अकरा नमुने कालमापनाला निरुपयोगी ठरले. बाराव्याचे पुढे काय झाले ते विचारू नये. तो बसमध्ये राहिला.

प्रश्न : पोटॅशियम-40चे अर्धायुष्य 125 कोटी वर्षे आहे असे आम्हाला शिकवतात. किरणोत्साराचा शोध 1896 साली लागला. सव्वाशे-दीडशे वर्षांत 125 कोटी वर्षांचे अर्धायुष्य कोणी आणि कसे मोजले? (अकरावीची विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : फार योग्य शंका आहे आणि ती पाठ्यपुस्तकात सोडवलेली नसते, याची मला नेहमीच खंत वाटते. निम्मे अणू संपेपर्यंत थांबण्याची गरजच नाही. अणूंची एकूण संख्या माहीत असेल आणि त्यांपैकी दर सेकंदाला किती बदलतात हे मोजता आले, तर पुढचे काम त्रैराशिकाएवढेच सोपे आहे.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. रावेर, यावल, चोपडा आणि शहादा भागातल्या केळीला घालण्यासाठी म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोच्या गोण्या येतात. एका गोणीत सुमारे 25 किलो पोटॅशियम असते. एका ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे 31 अणू फुटतात. म्हणजे ओसरीवर थप्पी लावलेल्या त्या एकेका गोणीत दर सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक अणूंचे रूपांतर चालू असते. (घाबरून गोण्या घराबाहेर काढू नयेत. पोटॅशियम आपल्या शरीरातही असते आणि त्यामुळे प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला चार हजारांवर अणू असेच फुटत असतात. एका केळ्यात ही संख्या दहा-पंधरा भरते.) किरणोत्सार मोजणारे संवेदनशील गणकयंत्र जवळ असेल, तर ही मोजणी एका दुपारी होते.

आता आकडेमोड. एका ग्रॅम पोटॅशियममध्ये पोटॅशियम-40चे अणू किती, हे रसायनशास्त्रातून काढता येते : 18 वर 17 शून्ये, इतके. त्याला दर सेकंदाच्या 31 ने भागले की एका अणूचे सरासरी आयुष्य सेकंदांत मिळते. त्याची वर्षे केली की सुमारे 184 कोटी होतात. सरासरी आयुष्याला 0.693 ने गुणले की अर्धायुष्य येते, म्हणजे सुमारे 127 कोटी वर्षे. स्वीकृत आकडा 125 कोटींचा आहे. फरक पडला तो 31 नंतरचा अपूर्णांक मी सोडून दिल्यामुळे. वहीत आपण तो धरून पाहावा. 0.693 ही संख्या कोठून आली, हे आपल्याला बारावीत कळेल. तोवर ती 2चे नैसर्गिक लॉगरिथम आहे एवढे ध्यानात ठेवावे.

गणित इतके सोपे असेल, तर हे काम घरी का होत नाही, असे आपण विचाराल. अडचण त्या ‘एकूण संख्ये’त आहे. समस्थानिकाचे (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या जातीचे) नेमके प्रमाण, गणकयंत्राच्या नजरेतून सुटलेली किरणे, आजूबाजूच्या भिंतींतून येणारा किरणोत्सार, या सगळ्याची वजाबाकी करावी लागते. रुबिडियम-87सारख्या अतिसावकाश फुटणाऱ्या अणूचे अर्धायुष्य 4,900 कोटी वर्षांच्या पुढे आहे. तेथे शास्त्रज्ञ अजूनही शेवटच्या अंकावरून घासाघीस करतात.

प्रश्न : आमच्या पाटणादेवीच्या परिसरात, पाटणे येथे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आणि कार्बन-14 पद्धतीने त्यांचा काळ सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा ठरला, असे वाचले आहे. ती पद्धत इतकी चांगली असेल, तर अजिंठ्याच्या डोंगरातल्या खडकाचे वयही तिनेच का काढत नाहीत? (एक शिक्षक, चाळीसगाव)

उत्तर : पाटण्याचे उत्खनन 1970च्या दशकाच्या आरंभी झाले आणि तेथे मिळालेल्या शहामृगाच्या कवचाच्या वस्तूंनी, विशेषतः त्यावर कोरलेल्या आडव्या-तिरप्या रेघांनी, अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले. ज्या गिरणा-खोऱ्यात आज शहामृग औषधालाही सापडणार नाही, तिथे तो एके काळी हिंडत होता, हीच मुळात विलक्षण बाब आहे. कवचात कार्बन असतो, आणि तो त्या पक्ष्याने खाल्लेल्या अन्नातून, म्हणजे अखेर हवेतून, आलेला असतो. कार्बन-14चे अर्धायुष्य 5,730 वर्षांचे. पंचवीस हजार वर्षांत साडेचारच्या जवळपास अर्धायुष्ये होतात आणि मूळ कार्बन-14चा साधारण विसावा हिस्सा उरतो. तो मोजता येतो.

पन्नास हजार वर्षांनी चारशेवा हिस्सादेखील पुरता उरत नाही, आणि आजच्या धुळीचा एखादा कणही नमुन्यात शिरला, तरी उत्तर बिघडते. कोटी वर्षांचा तर प्रश्नच नाही, कारण तोवर मोजायला एकही अणू शिल्लक राहत नाही. तासाच्या काट्याने शतके मोजता येत नाहीत, तसे हे आहे. शिवाय दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कार्बन-14चे घड्याळ प्राणी किंवा वनस्पती मेल्यापासून चालू होते, कारण तेव्हा हवेतून नवा कार्बन येणे थांबते. अजिंठ्याच्या डोंगरातला बेसाल्ट कधी जिवंत नव्हता. ‘कोणत्या घटनेपासून?’ या प्रश्नाला त्याच्या बाबतीत या पद्धतीकडे उत्तरच नाही.

प्रश्न : दख्खनच्या लाव्ह्याची वये निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी दिलेली मी वाचली आहेत. बँकेच्या नोकरीत आम्ही ताळेबंदात एक रुपयाचा फरक पडला तरी रात्री दहापर्यंत बसत असू. येथे कोट्यवधी वर्षांचा फरक पडूनही शास्त्रज्ञ निश्चिंत दिसतात. शिवाय अर्धायुष्य पूर्वीही एवढेच होते, हे तरी कशावरून? (निवृत्त बँक अधिकारी, जळगाव)

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने दख्खनच्या बेसाल्टची जी आरंभीची वये निघाली, ती फार पसरलेली होती. काही नमुने खऱ्या वयाच्या निम्मे, तर काही त्याहून कितीतरी जास्त वय दाखवत. त्यामुळे हा लाव्हा कित्येक कोटी वर्षे थांबत-थांबत वाहत राहिला, असाही समज एके काळी होता. दोष अर्धायुष्याचा नव्हता. अरगॉन निसटलेल्या किंवा बाहेरचा अरगॉन शिरलेल्या दगडांनी खोटी साक्ष दिली होती. खोटी साक्ष ओळखायची कशी, हा पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचा विषय झाला.

त्यातून जी युक्ती रूढ झाली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात. त्यामुळे स्थिर पोटॅशियमच्या काही अणूंचे ‘अरगॉन-39’मध्ये रूपांतर होते. निसर्गात हा समस्थानिक दगडात सापडत नाही, म्हणून तो जेवढा मिळेल तेवढी पोटॅशियमची खूण समजायची. आता पोटॅशियम एका तुकड्यात आणि अरगॉन दुसऱ्या तुकड्यात मोजण्याची गरज राहिली नाही. दोन्ही एकाच कणातून, एकाच वायूच्या रूपात बाहेर पडतात. त्यानंतर नमुना एकदम न वितळवता टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला निघालेल्या वायूवरून वेगळे वय काढतात. स्फटिकाच्या कुजलेल्या कडांतला वायू कमी तापमानालाच सुटतो, म्हणून सुरुवातीचे आकडे वेडेवाकडे येतात. मधल्या, घट्ट भागातून निघालेल्या वायूची वये मात्र ओळीने सारखी येऊ लागतात. आलेखावर त्यांची सपाट रेघ दिसते आणि तिला ‘पठार’ असेच म्हणतात. दख्खनच्या पठाराचे वय अशा रीतीने आलेखातल्या पठारावरून ठरते, हा योगायोग मला वर्गात सांगायला नेहमी आवडत असे. ज्या नमुन्याचे पठार तयारच होत नाही, त्याचा आकडा बाजूला ठेवला जातो. आपल्या बँकेत खातेवही जुळली नाही की ती पुन्हा तपासायला जात असे. येथे दगड स्वतःच सांगतो की त्याची वही जुळत नाही.

हे काम दूर कुठे परदेशातच होते, असेही नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने दख्खनच्या खडकांवर या पद्धतीने मोठे काम केले आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्येही अशी प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या नमुन्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टी वापरली गेली आहे.

तरीही एकाच घड्याळावर विसंबू नये, असे आपण म्हणाल. म्हणून दुसरे, अगदी वेगळे घड्याळ तपासले गेले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा विटकरी-लाल मातीचा पट्टा दिसतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे तो लांबूनही ओळखू येतो. एक थर थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत जो उसंतीचा काळ गेला, त्यात ही माती तयार झाली. सह्याद्रीतल्या अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेबरोबर येऊन पडलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडले आहेत. झिरकॉनचा स्वभाव कालमापनाला फार सोयीचा आहे, कारण तो तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ दारातही उभे करत नाही. म्हणून पुढे त्यात सापडणारे शिसे युरेनियमपासूनच झालेले असते. त्यातही एकाच स्फटिकात दोन घड्याळे मिळतात. युरेनियम-238चे अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षे आणि युरेनियम-235चे सुमारे 70 कोटी. 6 कोटी 60 लाख वर्षांत पहिल्याच्या हजारांपैकी सुमारे 10 अणूंचे शिसे होते आणि दुसऱ्याच्या हजारांपैकी सुमारे 63 अणूंचे. स्फटिकातून शिसे गळाले असेल, तर या दोन घड्याळांची वेळ जुळत नाही आणि गळती लगेच पकडली जाते. दुहेरी नोंद म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

अरगॉन आणि झिरकॉन या दोन्ही मार्गांनी जे उत्तर मिळाले, ते असे की दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागे, दहा लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत बाहेर पडला. डायनासोर नामशेष झाले तो काळही हाच. त्यांच्या नाशाला मेक्सिकोजवळ कोसळलेली उल्का किती जबाबदार आणि आपला लाव्हा किती, यावर जो वाद चालू आहे, तो काही दशसहस्र वर्षांच्या फरकावरून चालू आहे. ज्या क्षेत्रात पूर्वी कोट्यवधी वर्षांची तफावत होती, तिथे भांडण आता इतक्या बारीक अंतरावर आले आहे. अचूकतेचा याहून चांगला दाखला माझ्याजवळ नाही. मागील अंकात मी ‘साडेसहा कोटी’ असे ढोबळ लिहिले होते. आपल्यासारख्या वाचकांसाठी ते ‘6 कोटी 60 लाख’ असे वाचावे.

आता दुसरा प्रश्न, पूर्वीही अर्धायुष्य एवढेच होते हे कशावरून. उष्णता, दाब, रासायनिक संयोग यांचा परिणाम अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर होतो. केंद्रक त्याच्या फार आत, फार मोठ्या शक्तींनी बांधलेले असते आणि खडकात सापडणाऱ्या तापमानाला ते दाद देत नाही. प्रयोगशाळेत पदार्थ भट्टीत तापवून आणि प्रचंड दाबाखाली दाबून हे पाहिलेले आहे. भूतकाळाची साक्ष मात्र आकाशातून मिळते. 1987 साली एका शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. त्याची चमक पुढे ज्या वेगाने उतरत गेली, तो वेग कोबाल्ट-56च्या 77 दिवसांच्या, येथे पृथ्वीवर मोजलेल्या, अर्धायुष्याशी जुळला. तो प्रकाश तेथून निघाला होता 1 लाख 60 हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. अर्थात लाख वर्षे म्हणजे कोटी वर्षे नव्हेत. पण पोटॅशियम, युरेनियमचे दोन समस्थानिक आणि रुबिडियम हे वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या गतीने बदलणारे अणू आहेत. त्यांच्या गती मध्येच बदलल्या असत्या, तर त्या सगळ्या नेमक्या एकाच प्रमाणात बदलून एकच चुकीचे उत्तर देत राहिल्या, असे मानावे लागेल. चार कारकुनांनी चार वेगळ्या वह्यांत एकमेकांना न विचारता तीच एक चूक करावी, यावर आपण कितपत विश्वास ठेवाल?

प्रश्न : साक्री-नंदुरबार भागात मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या दगडी भिंतीसारख्या टेकड्या दिसतात. त्या आजूबाजूच्या खडकाहून जुन्या की नव्या? आणि त्यांच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी असते नि दुसऱ्या अंगाच्या कोरड्या, हे का? (एक वाचक, साक्री)

उत्तर : त्या टेकड्या म्हणजे डाइक. आधी थिजलेल्या खडकाला उभ्या भेगा पडल्या, खालून आलेला लाव्हा त्यांत शिरला आणि तिथेच घट्ट झाला. तापीच्या खोऱ्यात, विशेषतः धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, अशा डाइकांचे जाळेच आहे. त्या आजूबाजूच्या खडकाहून नव्या आहेत, आणि हे सांगायला अणू मोजण्याची मुळीच गरज नाही. भिंतीला तडा पडायला आधी भिंत उभी असावी लागते. किती वर्षांनी नव्या, हे मात्र अरगॉनच सांगू शकतो, आणि डाइकचा मधला, सावकाश थिजलेला, भरड स्फटिकांचा भाग त्यासाठी बरा पडतो. पाण्याचे म्हणाल, तर घट्ट डाइक भूमिगत बांधासारखी आडवी उभी राहते. उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडते आणि खालच्या अंगाच्या विहिरी रित्या राहतात.

प्रश्न : आम्ही भुसावळचे. तापीच्या पात्रात वाळूखाली गाळाचे जाडच्या जाड थर दिसतात. वाळू दगडापासूनच होते, तर वाळूच्या कणांवरून त्या थरांचे वय निघेल का? आणि आमच्याजवळ जिओलाइटचे सुंदर पांढरे स्फटिक आहेत. त्यांचे वय खडकाएवढेच समजावे का? (एक वाचिका, भुसावळ)

उत्तर : स्फटिकांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. जळगाव जिल्ह्यातल्या खदानींतून निघणारे जिओलाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांकडे जातात, परंतु ते लाव्ह्याबरोबर जन्मलेले नाहीत. थिजलेल्या लाव्ह्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे गरम पाणी झिरपले आणि त्या पाण्यातून हे स्फटिक वाढले. घर आधीचे, भाडेकरू नंतरचा. एकाचे वय दुसऱ्याला लावू नये.

वाळूच्या बाबतीत युरेनियम किंवा पोटॅशियमचे घड्याळ वापरले, तर कण ज्या मूळ खडकातून सुटला त्याचे वय येईल, थर साचल्याचे नव्हे. आपल्याला हवी असलेली घटना म्हणजे तो कण गाळाखाली पुरला जाणे, आणि तिच्यासाठी वेगळी पद्धत आहे. भोवतीच्या मातीतले पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्साराने पुरलेल्या कणात इलेक्ट्रॉन अडकून साठत जातात. उन्हात आला की कण ते सोडून देतो आणि त्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. प्रयोगशाळेत अशा कणावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा अंधूक उजेडाच्या रूपाने बाहेर पडते, आणि तिच्यावरून त्याने शेवटचे ऊन कधी पाहिले ते काढतात. म्हणूनच असा नमुना घेताना दरडीच्या ताज्या तासलेल्या भागात लोखंडी नळी ठोकून, तिची दोन्ही तोंडे ताबडतोब काळ्या कापडाने बांधून ती प्रयोगशाळेपर्यंत अंधारातच न्यावी लागते. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात नळी चुकून क्षणभर उघडी राहिली, तर तोंडाशी असलेली वाळू फेकून आतलीच वापरतात.